नाशिकमधल्या म्हसरूळच्या घरातील कोब्याला हिराकसाचा (फेरस सल्फेटचा) रंग: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

पुढच्या खोलीचा कोबा आज टाकून झाला. खोली बारा बाय चौदा फुटांची, म्हणजे १६८ चौरस फूट आहे. खाली मुरुमाची भर, दगडी सोलिंग आणि त्यावर जुने काँक्रीट असून उखडलेल्या मोझॅक टाइल काढल्यावर त्यावर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचा ५० मिलिमीटर जाडीचा नवा थर घातला आहे. चार मिलिमीटर जाडीच्या काचेच्या पट्ट्या आधी उभ्या करून खोलीचे बारा चौकोन पाडले. चीर पडायचीच असेल तर ती पट्टीच्या कडेने पडावी, हा त्यांचा मूळ हेतू असला तरी रंग देताना एका वेळी एकच चौकोन हाती घेता येईल, हा फायदा माझ्या दृष्टीने तितकाच मोठा आहे.

जुन्या नाशिकच्या वाड्यांमध्ये जो लाल कोबा दिसतो, त्यात रेड ऑक्साइड वरच्या थराच्या सिमेंटमध्येच कालवलेले असते. मला तसा एकसारखा लाल नको होता. काँक्रीट घट्ट झाल्यानंतर त्यातल्या चुन्याशी धातूच्या क्षाराची प्रक्रिया घडवून आणली की जो ढगाळ, कुठे दाट तर कुठे विरळ रंग उमटतो, तो हवा होता. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मोकळा चुना, सुटतो. पूर्ण मुरलेल्या सिमेंटच्या घन भागात तो आकारमानाने साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो. रंग धरतो तो या चुन्याच्या जोरावर. त्यामुळे रंगाचे काम बाटली उघडण्याच्या दिवशी सुरू होत नाही, ते सिमेंटची गोणी निवडताना सुरू होते.

याच कारणाने गोण्यांबाबत हट्ट धरावा लागला. दुकानात सहज मिळते ते पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट. भारतीय मानकानुसार त्यात वजनाच्या १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघते तीच ही कोळशाची राख. ही राख मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून काँक्रीट अधिक दाट होते, म्हणून पाया, स्लॅब आणि गिलावा यांसाठी ते उत्तमच आहे. मात्र जो चुना राखेने खाल्ला तो रंगाच्या वाट्याला येत नाही. म्हणून या खोलीपुरते ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेले साधे सिमेंट, मागवले. पाच गोण्यांसाठी दुकानदाराला गोदामातून माल काढावा लागला आणि मिस्त्रींना माझा हा आग्रह शेवटपर्यंत पटला नाही.

त्यांच्याशी दुसरी बोलणी झाली ती घोटाईवरून. "मॅडम, आरशासारखा घोटून देतो, वरून कोरडे सिमेंट भुरभुरले की बघा कसे चमकते," असे ते मनापासून सांगत होते, आणि साध्या कोब्यासाठी ते बरोबरही आहे. परंतु पोलादी थापीने फार घोटलेला भाग काळपट आणि इतका बंद होतो की त्यात पाणी शिरत नाही, मग रंग तरी कसा शिरणार? कोरडे सिमेंट तर जिथे जास्त पडते तिथे निराळा रंग आणि कधी वरचा पापुद्राही देऊन जाते. शेवटी लाकडी रंध्याने सपाट करून थापीचा हात मोजकाच फिरवायचा, कोरडे सिमेंट अजिबात टाकायचे नाही, असे ठरले. त्याच मालातून फूटभर लांबी-रुंदीच्या काही लाद्या साच्यात ओतून घेतल्या आणि भिंतीच्या कामातून उरलेल्या पीपीसीची एक लादीही तुलनेसाठी केली.

५ जानेवारी २०२५

पाणी मारायला सुरुवात केली. ज्या कोब्याला पुढे रंग द्यायचा आहे, त्याला सगळीकडे सारखाच ओलावा मिळाला पाहिजे. प्लास्टिक अंथरले तर त्याच्या सुरकुत्या जिथे टेकतात आणि जिथे टेकत नाहीत, तिथे वेगवेगळ्या छटा उठतात व त्या नंतर रंगाखालूनही डोकावतात. फवारून लावायची क्युरिंगची द्रावणे वर पातळ थर सोडतात आणि तो रंगाला आत जाऊ देत नाही. म्हणून उंबऱ्यापाशी चिकणमातीचा बांध घालून खोलीत बोटभर पाणी तुंबवले आहे.

१२ जानेवारी २०२५

सात दिवस पाणी ठेवून आज ते काढले. दार आणि खिडक्या किंचित उघड्या ठेवल्या असून पंखा लावलेला नाही. थंडीत नाशिकची हवा कोरडी असते, त्यात पंख्याची भर घातली तर वरचा थर खालच्या थराच्या आधी सुकून केसासारख्या चिरा पडण्याचा धोका वाढतो. एका चौकोनात अशी एक चीर आधीच दिसते आहे. ती भरणार नाही. भरलेल्या चिरेतला माल वेगळा रंग घेतो आणि आधी न दिसणारी चीर ठळक होते.

१ फेब्रुवारी २०२५

आज अठ्ठावीस दिवस झाले. रंगाआधी दोन चाचण्या करायच्या होत्या. पहिली पाण्याच्या थेंबाची: निरनिराळ्या ठिकाणी थेंब टाकून पाहिले असता बहुतेक ठिकाणी ते लगेच पसरून शोषले गेले. दक्षिणेकडच्या भिंतीजवळ, जिथे मिस्त्रींचा हात सवयीने जास्त फिरला होता, तिथे मात्र थेंब बराच वेळ तसाच राहिला. त्या पट्ट्यावरून बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून फिरवावा लागेल. ही घासाई कोरडी करायची नाही, कारण काँक्रीटच्या सुक्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात कायमचे बसतात.

दुसरी चाचणी ओलीची. दीड फूट लांबी-रुंदीचे पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून किमान सोळा तास तसेच ठेवायचे आणि मग आतल्या बाजूला दव जमले का, किंवा खालचा कोबा काळसर पडला का, ते पाहायचे. खोलीच्या मध्यावर एक, बाहेरच्या भिंतीलगत एक आणि बाथरूमच्या बाजूला एक, असे तुकडे चिकटवले आहेत.

२ फेब्रुवारी २०२५

मधला आणि बाथरूमकडचा तुकडा कोरडा निघाला. बाहेरच्या भिंतीलगतच्या तुकड्याच्या आत मात्र बारीक दव होते आणि त्याखालचा चौकोन आजूबाजूपेक्षा स्पष्ट गडद दिसत होता. भिंतीच्या पलीकडे जास्वंद व कढीपत्त्याचा वाफा असून त्याला रोज पाणी जाते. बाहेरची जमीन उंच असल्याने ते पाणी सोलिंगमधून आत येत असणार. वाफ्याचे पाणी भिंतीपासून दूर वळवले आहे. ओल असताना रंग दिला तर तो कदाचित निभावेल, पण वरचा लेप निभावणार नाही: खालून येणारी वाफ अडली की लेप पांढुरका पडतो, फुगतो आणि चुन्याचे क्षार वर येऊन लोणा लागतो.

९ फेब्रुवारी २०२५

त्याच जागी पुन्हा प्लास्टिक लावले होते, ते आज कोरडे निघाले.

लाद्यांवरच्या चाचण्याही या आठवड्यात झाल्या आणि त्यावरून कोणता रंग वापरायचा याचा निर्णय घेतला. बाजारात मिळणाऱ्या अॅसिड स्टेनमध्ये लोह, मँगनीज किंवा तांबे यांचे क्षार हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात असतात. लोह आणि मँगनीज तपकिरी छटा देतात, तांबे निळसर हिरवी. एका बाटलीचा तपकिरी रंग लादीवर सुंदर आला. ओपीसीच्या लादीवर तो भाजलेल्या विटेसारखा गडद, तर पीपीसीच्या लादीवर दुधाळ चहासारखा फिकट होता. दोन्ही लाद्या शेजारी ठेवून मिस्त्रींना दाखवल्या, तेव्हा त्यांनी पीपीसीची लादी नखाने खरवडून पाहिली आणि गोण्यांचा विषय पुन्हा काढला नाही. असे असूनही घराच्या आतल्या खोलीत, एकाच दाराने बाहेर पडायचे असताना, आम्लाच्या वाफा मला नको होत्या. त्या माणसाला त्रास देतातच, शिवाय खिडकीचे गज आणि बिजागऱ्या यांनाही गंज चढवतात.

त्यामुळे हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट. हा मार्ग नवा नाही. काँक्रीटला पिवळट-तांबूस रंग देण्यासाठी तो जगभर जुना आहे. नाशिकमध्ये तर ही वस्तू शोधावीही लागत नाही, कारण द्राक्षबागांमुळे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ती सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पोत्याने मिळते. माझ्या धाकट्या भावाची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. त्याच्याकडे दोन किलो मागितले तेव्हा तो म्हणाला, "ताई, पाने पिवळी पडू नयेत म्हणून आम्ही हे देतो, आणि तू जमीन पिवळी करायला मागतेस." त्याच्या बोलण्यातला विनोद सोडला तरी दोन्हीकडचे रसायनशास्त्र एकच आहे. चुनखडीच्या जमिनीत नुसते हिराकस टाकले तर त्यातल्या लोहाचा चुन्यामुळे न विरघळणारा साका होतो आणि ते वेलीला घेता येत नाही. बागाईतदाराचे नुकसान होते ते याच प्रक्रियेने, आणि कोब्यावर रंग बसतो तोही हिच्यामुळेच.

त्याने मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटही पाठवले होते. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी, ते त्यांच्याकडे असतेच. ते प्लास्टिकच्या बादलीतच कालवायचे, लोखंडाला लावायचे नाही, ही ताकीदही सोबत होती, कारण लोखंडावर लगेच तांब्याचा थर चढतो. बोर्डोत चुना पुरेसा पडला आहे की नाही हे बागाईतदार लोखंडी पाते बुडवूनच तपासतात. लादीवर मोरचुदाने फिकट हिरवट निळा रंग दिला. तो पाहायला चांगला होता, पण खोलीभर मला सोसला नसता.

प्रमाणासाठी लिटरला ५० ग्रॅम आणि १०० ग्रॅम अशी दोन द्रावणे करून पाहिली. पहिल्याच्या दोन हातांनी जी छटा आली ती दुसऱ्याच्या एका हातापेक्षा अधिक मऊ आणि सलग होती. म्हणून ५० ग्रॅमचे दोन हात द्यायचे ठरवले.

१३ फेब्रुवारी २०२५

सफाईचा दिवस. भिंतींची पुट्टी आणि डिस्टेंपर यांचे थेंब कोब्यावर पडलेले होते. असा प्रत्येक थेंब रंग अडवतो आणि नंतर तिथे पांढरा ठिपका राहतो, म्हणून तिरप्या उन्हात जमिनीशी डोळे नेऊन एकेक ठिपका पत्तीने खरवडला. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने कडक ब्रशने घासून दोनदा स्वच्छ पाण्याने धुतले. या टप्प्यावर पुष्कळजण अॅसिडने कोबा धुऊन घेतात. इथे ते करायचे नाही, कारण आम्ल वरच्या थरातला चुनाच खाऊन टाकते आणि मग रंगाला धरायला काही उरत नाही. दक्षिणेकडच्या पट्ट्यावर ओला सँडपेपर फिरवल्यावर थेंब तिथेही शोषला जाऊ लागला.

१६ फेब्रुवारी २०२५

आज रंग दिला. भिंतींना खालून दोन फुटांपर्यंत प्लास्टिक आणि वर्तमानपत्रे लावली. चिकटपट्टी फक्त भिंतीला, कोब्याला कुठेही नाही, कारण तिचा गोंद कोब्यावर राहिला तरी त्याचा ठसा उमटतो. द्रावण सकाळीच ताजे केले. हिराकसाचे खडे मुळात फिकट हिरवे असतात. पोत्यातले जे खडे हवा लागून वरून पिवळट-तपकिरी झाले होते ते बाजूला काढले, कारण त्यातल्या लोहाचा काही भाग आधीच गंजलेला असतो आणि तो पाण्यात नीट विरघळत नाही. पाण्यातले द्रावणही ठेवून दिले तर काही तासांत गढूळ होऊ लागते. आठ लिटर पाण्यात ४०० ग्रॅम विरघळवून ते जुन्या सुती धोतराच्या घडीतून गाळले, म्हणजे पंपाची नळी तुंबत नाही. फवारणीचा हातपंप नवा आणि प्लास्टिकचा घेतला. बागेतला जुना पंप स्वच्छ दिसला तरी त्यात तणनाशकाचा किंवा तेलकट औषधाचा अंश असू शकतो आणि त्याचा थेंबही कोब्यावर डाग पाडायला पुरतो.

सकाळी आठला सुरुवात केली. भावाने फवारायचे आणि मी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने लगेच पसरवायचे, अशी वाटणी होती. ब्रश सरळ रेषेत ओढला तर ओढल्याच्या रेघा सुकल्यावर दिसतात, म्हणून तो आठच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा. दारासमोरच्या भिंतीपासून निघून चौकोनामागून चौकोन पूर्ण करत दाराकडे मागे सरकायचे आणि एक चौकोन अर्धा टाकून थांबायचे नाही, एवढे दोन नियम पाळले. काचेच्या पट्ट्यांचा उपयोग इथे कळला: ओल्या आणि सुकलेल्या रंगाचा सांधा चौकोनाच्या मध्ये पडला असता तर तो आयुष्यभर दिसला असता, पट्टीवर पडला तर कोणाला समजतही नाही.

रंग कसा उमटतो ते पाहण्यासारखे आहे. द्रावण पडताच कोबा आधी ओल्या सिमेंटसारखा गडद राखाडी होतो. मिनिटभरात त्यावर शेवाळ्याच्या पाण्यासारखी घाणेरडी हिरवट झाक येते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला काम बिघडले असेच वाटते. हे फेरस हायड्रॉक्साइड. हवेतला ऑक्सिजन मिळाला की कडेकडेने, जिथे पाणी आधी सुकते तिथून, त्याला मोहरीसारखा पिवळा रंग चढू लागतो आणि तो हळूहळू आत सरकतो. पहिल्या चौकोनात हिरवट बेट मध्यभागी उरले होते तेव्हा शेवटच्या चौकोनावर फवारणी चालू होती. दुपारपर्यंत हिरवे कुठेच राहिले नाही. त्या वेळी संपूर्ण खोली पिवळ्या मातीची दिसत होती. संध्याकाळी पिवळ्यात तांबूस उतरू लागला.

एका हाताला सुमारे साडेतीन लिटर द्रावण लागले. उरलेले ठेवले नाही.

१७ फेब्रुवारी २०२५

ताज्या द्रावणाचा दुसरा हात दिला, या वेळी चौकोनांचा क्रम तोच पण ब्रशची दिशा आडवी. पहिल्या दिवशी जिथे थेंबांचे ठिपके राहिले होते ते मिटले. दक्षिणेकडचा घोटलेला पट्टा अजूनही बाकीच्यापेक्षा एक छटा फिकट आहे. तिथे तिसरा हात देण्याचा मोह झाला, परंतु बंद पृष्ठभागावर जास्तीचे द्रावण आत न जाता वरच भुकटी होऊन बसते आणि धुताना निघून जाते, हे लादीवर पाहिले होते. पट्टा तसाच ठेवला.

१९ फेब्रुवारी २०२५

धुलाई. न मुरलेला रंग वर तांबूस भुकटीसारखा राहतो. तो सगळा निघाला नाही तर वरचा लेप कोब्याला न धरता भुकटीला धरतो आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. मऊ ब्रश, भरपूर पाणी आणि ओले पुसणे, असे पांढरे फडके पुसल्यावर पांढरेच राहीपर्यंत केले. हे पाणी बाथरूमच्या टाइलवरून जाऊ दिले नाही, कारण टाइलच्या सांध्यांत गंजाचे डाग बसतात. असे डाग ऑक्झॅलिक पावडरने निघतात. नेमकी तीच पावडर या खोलीत यापुढे कधीही येता कामा नये, कारण ती लोहाचाच रंग काढते: कोटा आणि मोझॅक पॉलिश करणारे कारागीर ती सर्रास वापरतात आणि न विचारता इथेही शिंपडू शकतात. घरकामाला येणाऱ्या मावशींना टॉयलेटच्या अॅसिडबरोबर तिच्याबद्दलही आजच सांगून ठेवले.

२३ फेब्रुवारी २०२५

कोबा पूर्ण सुकला आणि सुकल्यावर रंग निस्तेज, पिठूळ दिसू लागला. घरातल्या मंडळींची निराशा स्पष्ट होती. पुढे लेप दिल्यावर कसा दिसेल हे पाहायचे असेल तर ओल्या फडक्याने एक हात फिरवावा. ओले असताना दिसतो तो बहुतेक अंतिम रंग. तसे करून दाखवल्यावर मोहरी, मध आणि काही चौकोनांत जुन्या गंजाचा तपकिरी, असा ढगाळ पट दिसला. उंबऱ्याजवळ, क्युरिंगच्या वेळी मातीचा बांध होता तेवढीच चार बोटे रुंदीची जागा सरळ रेषेत गडद आली आहे. ती मला आवडते. सासूबाईंना आवडत नाही. त्यांच्या मते तिथे पायपुसणे पडेल.

लेप कोणता द्यायचा याची चाचणीही याच आठवड्यात लाद्यांवर केली. रंग दिलेल्या लाद्यांपैकी एक तशीच कोरी, एकीवर फक्त मेण, एकीवर पाण्यातला अॅक्रिलिक लेप, एकीवर अॅक्रिलिक आणि वर मेण. प्रत्येकीवर हळद कालवलेले तेल, चिंचेचा कोळ आणि चहा यांचे थेंब रात्रभर ठेवले. कोऱ्या लादीवर तेल खोल गेले आणि चिंचेने रंग खाऊन फिकट वर्तुळ पाडले, कारण चिंचेतले आम्ल चुन्यावरच चालून जाते. नुसत्या मेणाने चहा अडवला, चिंच अडवली नाही. अॅक्रिलिकवर चिंचेचे पुसट वळ राहिले, तेल पुसले गेले. हळदीची पिवळी छटा सगळ्यांवरच राहिली; पण लाद्या उन्हात ठेवल्यावर ती विरत गेली, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही.

इपॉक्सीचा विचार मुळातच सोडला होता. ती टणक असते हे खरे, पण खिडकीतून थेट ऊन येते तिथे ती पिवळी पडते, आणि जमिनीलगतच्या खोलीत, ज्या भिंतीतून एकदा ओल येऊन गेली आहे तिथे, वाफ पूर्णपणे कोंडणारा थर देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पाण्यातले अॅक्रिलिक तुलनेने वाफ जाऊ देते. ते लवकर झिजते, पण झिजले तर वरून पुन्हा देता येते. इपॉक्सी मात्र उचकटली तर घासूनच काढावी लागते.

१ मार्च २०२५

लिथियम सिलिकेटचे घट्टपणा देणारे द्रावण दिले. हे सिलिकेट उरलेल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून काँक्रीटच्या छिद्रांत नवे कॅल्शियम सिलिकेट तयार करते, म्हणजे सिमेंट ज्या पदार्थामुळे घट्ट होते तोच. पायाखाली येणारी बारीक धूळ याने थांबते. हे काम रंगानंतरच करायचे, कारण आधी केले तर चुना सिलिकेटच्या कामी येतो आणि रंग उपाशी राहतो. सोडियम सिलिकेट स्वस्त मिळते, पण जास्त राहिले तर पांढरे डाग धरते. द्रावण पसरून पृष्ठभाग वीस-पंचवीस मिनिटे ओला राखला आणि न मुरलेले सगळे पुसून घेतले. दिसण्यात फरक जवळजवळ नाही. नखाने ओरखडून पाहिल्यावर फरक कळतो.

८ मार्च २०२५

अॅक्रिलिकचा पहिला हात पहाटे सहाला आणि दुसरा संध्याकाळी ऊन उतरल्यावर दिला. मार्चमध्ये नाशिकची दुपार तापू लागते. तापलेल्या कोब्यावर लेप पसरण्याआधीच सुकतो, रोलरचे सांधे दिसतात आणि बुडबुडे तसेच गोठतात. नव्या रोलरची लव आधी चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा पुन्हा उपटून काढली, नाहीतर तिचे तंतू लेपात कायमचे अडकतात. पंखा बंद, दार बंद, खिडकीची फक्त वरची झडप उघडी. हात पातळच द्यायचा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे, कारण जाड थर वरून सुकतो आणि आतून दुधाळ राहतो.

दुसरा हात सुकल्यावर ओल्या फडक्याने दाखवलेला रंग खरोखरच उतरला. दक्षिणेकडचा पट्टा आता फिकट न वाटता चौकोनातला एक ढग वाटतो. निदान मला.

१६ मार्च २०२५

फर्निचर येण्याआधी मेणाचा एक पातळ हात देऊन कापडाने पॉलिश केले. मेण झिजण्यासाठीच असते. पाय, खुर्च्या आणि केरसुणी यांची घासण अॅक्रिलिकऐवजी त्याने सोसावी. ओल्या पायाने यावर घसरायला होते, हे सासूबाईंनी चालून पाहून बजावले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बाथरूमच्या दारापासून पलंगापर्यंतच्या वाटेवरचे मेण कोमट पाणी आणि पातळ साबणाने काढून टाकले; तिथे नुसते अॅक्रिलिक राहील आणि ते अधिक वेळा द्यावे लागेल.

१९ मार्च २०२५

रंगपंचमी. भाचा तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारून, ओल्या अंगाने सरळ पुढच्या खोलीत आला. त्याची पावले दारापासून खिडकीपर्यंत उमटली. लगेच पुसल्यावर मेण असलेल्या भागावरून रंग पूर्ण निघाला. मेण काढलेल्या वाटेवर दोन पावलांची पुसट झाक राहिली होती, ती साबणाच्या पाण्याने दुसऱ्यांदा पुसल्यावर गेली. लाद्यांवर हळद आणि चिंच टाकून जे समजले नव्हते ते एक समजले: लेपाची खरी कसोटी सांडलेल्या थेंबावर होत नाही, पायाने रगडलेल्या ओल्या रंगावर होते. वाटेवर अॅक्रिलिकचा तिसरा हात द्यायचा आहे.

६ एप्रिल २०२५

वाटेवरचा तिसरा हात झाला. पलंग, कपाट आणि खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी तुकडे चिकटवले. पुसण्यासाठी साधे पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण ठरवला आहे; फिनेलने मेण मंद पडते आणि लिंबाच्या वासाच्या म्हणून मिळणाऱ्या काही द्रवांत आम्ल असते, म्हणून बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय काही आणायचे नाही.

रंग दिलेल्या लाद्यांपैकी दोन गच्चीवर उन्हात आणि दोन कपाटात ठेवल्या आहेत. लोहाचा हा रंग उन्हाने उडू नये, पण वरचा लेप कसा टिकतो ते त्यांवरून कळेल. वाफ्याच्या बाजूची भिंत पावसाळ्यात कशी वागते हे अजून पाहायचे आहे. जुलैत, जमीन पूर्ण भिजल्यावर, पलंग सरकवून त्याच जागी पुन्हा प्लास्टिक चिकटवीन. तिथे दव आलेच, तर आधी बाहेरून चर खणून पाणी वळवावे लागेल. लेपाचा पुढचा हात त्यानंतर.